स्वतः तोडून आणलेली सफरचंदे आठवडाभरात मऊ का पडतात, आणि कुटुंबासह बागेतला दिवस कसा आखावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर एका शनिवारी तुम्ही दोघे, चार आणि नऊ वर्षांची दोन मुले आणि गुडघे दुखत असलेल्या सासूबाई असे पाच जण, फळे स्वतः तोडून घेता येतात अशा बागेत जाणार आहात. मागच्या वर्षी अशाच सहलीत पिशव्या भरून सफरचंदे आणली, त्यांतली निम्मी आठवडाभरात मऊ पडली, उरलेली बरीचशी आंबट निघाली आणि मुले तासाभरात कंटाळली. म्हणून या वेळी चांगली बाग कशी ओळखावी, असे तुम्ही विचारले आहे. अशा बागेत फळझाडांची देखभाल करणे आणि हंगामात येणाऱ्या कुटुंबांना तोडणी शिकवणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. तुमचे वर्णन वाचून मला वाटते की मागच्या वर्षीची बाग वाईट नसावी. मऊ पडणारी आणि आंबट लागणारी फळे एकाच पिशवीत येतात, तेव्हा बहुधा वेगवेगळ्या वेळी पाडाला येणाऱ्या जाती एकाच दिवशी, केवळ रंग पाहून, सरसकट तोडलेल्या असतात. त्यामुळे कोणत्या बागेत जावे यापेक्षा त्या दिवशी बागेतल्या कोणत्या ओळीत जावे, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

यातल्या काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. सफरचंदांचा हंगाम उत्तर गोलार्धात ढोबळमानाने ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो आणि दक्षिण गोलार्धात साधारण फेब्रुवारी ते मे. पण उंची, उन्हाळ्यातली उष्णता आणि पाऊस यांमुळे एकाच बागेतली एकच जात दरवर्षी आठ-दहा दिवस मागेपुढे होते. पीक किती आहे हे तर वसंतातच ठरलेले असते. झाड पूर्ण फुलोऱ्यात असताना तापमान उणे २ अंश सेल्सियसच्या आसपास उतरले तर थोडीच फुले मरतात, पण ते उणे ४ अंशांपर्यंत गेले तर जवळजवळ सगळा बहर हातचा जातो. शिवाय काही जाती एक वर्ष भरभरून फळतात आणि दुसऱ्या वर्षी विसावा घेतात. म्हणून मागच्या वर्षीच्या अनुभवावर किंवा कोणी सुचवलेल्या तारखेवर विसंबू नका. जाण्याच्या आदल्या दिवशी बागेत फोन करून आज कोणत्या जाती तोडणीला आल्या आहेत, त्यांच्या ओळी लोकांसाठी खुल्या आहेत का आणि त्या ओळींत हाताला लागतील अशा उंचीवर फळे उरली आहेत का, हे विचारा. या प्रश्नांची नेमकी उत्तरे मिळाली तर बाग नीट चालवली जाते असे समजायला हरकत नाही. ‘या की, सगळेच आहे’ एवढेच उत्तर मिळाले तर मी दुसऱ्या बागेत फोन करतो.

आता जातींविषयी. गाला ही लवकर येणारी जात आहे, हनीक्रिस्प तिच्यामागून येते, गोल्डन डिलिशस त्यानंतर, आणि फुजी, ग्रॅनी स्मिथ व क्रिप्स पिंक या सर्वांत शेवटी. बहुतेक लवकर येणाऱ्या जाती झपाट्याने मऊ पडतात आणि उशिरा येणाऱ्या जातींचा गर घट्ट राहून त्या महिनोन् महिने टिकतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली प्रसारित केलेली हनीक्रिस्प मात्र याला अपवाद आहे. ती हंगामाच्या पूर्वार्धात येऊनही बराच काळ कुरकुरीत राहते. उत्तर गोलार्धातल्या अनेक बागांत ऑक्टोबरच्या मध्यावर काय स्थिती असते ते या क्रमावरून समजेल. गालाची जी फळे अजून झाडावर लोंबत असतात ती उरलीसुरली आणि अतिपक्व असतात, तर फुजी आणि ग्रॅनी स्मिथ रंगाने मोहक दिसत असल्या तरी अनेक ठिकाणी अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात. तुमच्या पिशवीतली मऊ फळे पहिल्या गटातली आणि आंबट फळे दुसऱ्या गटातली असावीत, असा माझा अंदाज आहे. ग्रॅनी स्मिथ पूर्ण पिकल्यावरही आंबटच असते, हेही लक्षात असू द्या. ती शिजवण्यासाठी उत्तम, पण चार वर्षांच्या मुलाने पहिला घास तिचा घेतला तर ते पुढे कोणत्याच सफरचंदाला हात लावणार नाही.

ओळ ठरली की प्रश्न येतो फळ ओळखण्याचा, आणि इथे लाल रंग सर्वांत जास्त फसवतो. सफरचंदावरची लाली बरीचशी उन्हावर आणि रात्रीच्या गारव्यावर अवलंबून असते. उन्हाच्या बाजूचे कच्चे फळ लालभडक असू शकते आणि पानांच्या सावलीतले पक्व फळ फिकट. बागेत काम करणारी माणसे लालीच्या मागचा मूळ रंग पाहतात. देठाजवळच्या खळग्यात आणि फळाच्या सावलीकडच्या बाजूला तो गडद हिरवा असेल तर फळ थांबू द्यावे, आणि त्यात पिवळसर झाक आली असेल तर ते तोडावे. ग्रॅनी स्मिथसारख्या हिरव्याच राहणाऱ्या जातींना ही खूण तितकी उपयोगी पडत नाही. दुसरी खूण बियांची आहे. एक फळ आडवे कापून पाहिले आणि बिया पांढऱ्या दिसल्या तर ते नक्कीच कच्चे आहे. बिया तपकिरी झाल्या असतील तर ते पक्वतेच्या जवळ आले आहे, पण एवढ्यावर तोडणीचा निर्णय मी घेत नाही, कारण काही जातींच्या बिया फळ तयार होण्याच्या बऱ्याच आधी रंग धरतात. तिसरी आणि सर्वांत विश्वासाची खूण म्हणजे चव. बागेच्या नियमांत बसत असेल तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक फळ धुऊन, कापून, पाचही जणांनी वाटून खावे. तोंडाला चिकटल्यासारखे, पिठूळ आणि तुरट लागले तर आतला स्टार्च अजून साखरेत उतरलेला नाही. रसाळ आणि कुरकुरीत लागले तर त्याच ओळीत थांबावे. रवाळ आणि बेचव लागले तर त्या ओळीचा काळ सरलेला आहे.

स्टार्चची ही गोष्ट तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला प्रत्यक्ष दाखवता येईल. बागायतदार तोडणीचा दिवस ठरवण्यासाठी सफरचंद मधोमध आडवे कापतात आणि कापलेल्या भागावर आयोडीनचे पातळ द्रावण लावतात. जिथे स्टार्च शिल्लक असतो तिथे निळसर काळा डाग उमटतो आणि जिथे त्याची साखर झाली आहे तो भाग पांढराच राहतो. साखर होण्याची सुरुवात गाभ्यापासून होऊन ती सालीकडे पसरत जाते, म्हणून अर्धवट तयार फळात मधे पांढरी चांदणी आणि भोवती काळे कडे दिसते. पुष्कळ दिवस साठवायचे फळ बाहेरच्या बाजूला थोडा काळा रंग शिल्लक असतानाच तोडतात. लगेच खायचे फळ जवळजवळ पूर्ण पांढरे झालेले असावे. आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवले तर पुष्कळ बागांतले लोक ही चाचणी आनंदाने करून दाखवतात. आयोडीन लावलेला काप मात्र मुलांच्या हाती देऊ नका, तो फेकून द्यायचा असतो.

इथे साठवण्याचा आणि खाण्याचा फरक आला, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या सहलीत तोच सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. सफरचंद तोडल्यावरही श्वास घेत राहते, इथिलीन हा वायू सोडते आणि त्या वायूनेच आणखी पिकत जाते. म्हणजे जे फळ झाडावर आज अगदी तोंडात विरघळेल असे आहे, ते तुमच्या घरी पंधरा दिवसांनी तसे राहणार नाही. म्हणून निघण्यापूर्वीच घरी ठरवा: आठवड्यात संपवायची किती, शिजवायची किती आणि महिना-दोन महिने ठेवायची किती. मध्यम आकाराचे सफरचंद साधारण १५० ते २०० ग्रॅम भरते, म्हणजे एका किलोत पाच ते सात फळे बसतात. पाच माणसांनी रोज एकेक खाल्ले तरी आठवड्याला पस्तीस फळे, म्हणजे सहा-सात किलो पुरतात. झाडाखाली उभे राहिल्यावर हात थांबत नाहीत, त्यामुळे हा हिशेब बागेत करू नये, आणि मोठी पिशवी भरलीच पाहिजे असेही मनात धरू नये.

तोडण्याची रीत सोपी आहे, पण ती मुलांना पहिल्या झाडापाशीच शिकवावी. फळ पूर्ण तळव्यात घ्यायचे, बोटांच्या टोकांनी दाबायचे नाही. मग ते वर उचलून किंचित पिळायचे. तयार फळ देठासह अलगद हातात येते. ओढावे लागत असेल तर ते तयार नाही, त्याला सोडून पुढे जावे. ओढण्याने तिहेरी नुकसान होते: फांदी हलून शेजारची चांगली फळे खाली पडतात, देठ निघून आला तर त्या जखमेतून बुरशी आत शिरते, आणि फळ ज्या आखूड, गाठाळ काटकीवर लागलेले असते ती काटकीच मोडून येते. त्या काटकीवर पुढच्या वर्षाची कळी आधीच तयार असते, म्हणून ती मोडली की पुढचे पीकही गेले. मुलांना ही कळी दाखवली की ती किती जपून तोडतात, हे मी दर हंगामात पाहतो. झाडाच्या वरच्या आणि बाहेरच्या फांद्यांवरची फळे आधी तयार होतात, आतल्या आणि खालच्या फांद्यांवरची नंतर. त्यामुळे बाहेरची फळे तोडून झालेल्या झाडावरही आत डोकावून पाहावे, पण मूळ रंगाची खूण तिथे अधिक काळजीने तपासावी.

तोडलेले फळ पिशवीत टाकायचे नाही, ठेवायचे. काही सेंटिमीटर उंचीवरून पडलेल्या फळालाही आत मार लागतो. त्या वेळी तो दिसत नाही, एक-दोन दिवसांनी तपकिरी डाग पडतो, आणि मार लागलेले फळ जास्त इथिलीन सोडून शेजारच्यांनाही लवकर पिकवते. मागच्या वर्षी तुम्ही पिशव्या भरल्या असे लिहिले आहे. मऊ पिशवीत फळे एकमेकांवर आदळतात आणि त्यांचे देठ शेजारच्या सालीत घुसतात. या वेळी उथळ, कडक खोकी किंवा क्रेट घेऊन जा, तळाशी जुने कापड अंथरा आणि दोन-तीनच थर लावा. एका खोक्यावर लगेच खायची आणि दुसऱ्यावर ठेवायची असे लिहून ठेवले तर घरी निवडण्याचा निम्मा वेळ वाचतो. मग ती खोकी गाडीच्या तापलेल्या डिकीत दुपारभर ठेवू नका, कारण चार तासांच्या उष्णतेने फळाचे जे आयुष्य जाते ते नंतर फ्रिज परत देऊ शकत नाही. यासाठीच मी सकाळी लवकर, दव वाळल्यावर तोडणी सुरू करून दुपारच्या आत निघायला सांगतो. सकाळचे फळ आतून गार असते, आणि उरलेल्या दिवसात मुलांनाही विश्रांती मिळते.

एवढे सांभाळले तर फळे टिकवणे अवघड नाही. सफरचंदांना ० ते ४ अंश सेल्सियस तापमान आणि भरपूर ओलावा मानवतो, म्हणून छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत. ठेवण्यापूर्वी धुऊ नयेत. सालीवरचा नैसर्गिक मेणाचा थर तसाच राहू द्यावा आणि खाताना वाहत्या पाण्याखाली धुवावे. खोलीच्या तापमानात सफरचंद फ्रिजमधल्यापेक्षा कित्येक पटींनी वेगाने मऊ पडते, त्यामुळे टेबलावरच्या टोपलीत दोन दिवसांपुरतीच ठेवावीत. गाजरे आणि पालेभाज्या त्याच कप्प्यात नकोत; इथिलीनने गाजर कडू होते आणि पाने पिवळी पडतात.

सफरचंदांशिवाय काय तोडावे, याचे नियम वेगळे आहेत. नासपती झाडावर पिकू देत नाहीत. तिच्या बहुतेक जाती झाडावर राहिल्या तर गाभ्यापासून तपकिरी आणि रवाळ होतात, म्हणून त्या घट्ट असतानाच तोडून घरी पिकवायच्या असतात. लोंबणारे फळ उचलून आडवे केले आणि देठ फांदीपासून सुटला तर ते तोडणीला आले आहे. घरी देठाजवळचा भाग अंगठ्याला किंचित मऊ लागला की ते खावे. मधला भाग मऊ होईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. रास्पबेरी याच्या अगदी उलट आहे, ती तोडल्यावर मुळीच पिकत नाही. पांढरा गाभा झाडावर ठेवून ती आपोआप हातात आली तरच घ्यावी, दोन-तीन थरांपेक्षा जास्त रचू नये आणि एक-दोन दिवसांत संपवावी. शरदातली रास्पबेरी कडाक्याच्या थंडीपर्यंत येत राहते आणि ती उंचीने मुलांच्या हाताशी असते, म्हणून तुमच्या धाकट्याची सुरुवात मी तिच्यापासून करीन. लाल भोपळा निवडताना सालीवर नख रुतत नाही आणि देठ वाळून कडक झाला आहे, हे पाहावे. देठ चार बोटे लांब ठेवून कापावा, पण भोपळा देठाला धरून उचलू नये, कारण देठ तुटला की तिथून तो कुजायला लागतो. भोपळ्याला सफरचंदांइतकी थंडी मानवत नाही. १० ते १३ अंशांच्या कोरड्या जागेत तो काही महिने राहतो.

मुले कंटाळली याचेही कारण मला फळांतच दिसते. मोठ्या झाडांखाली लहान मुलाने पाहत उभे राहायचे आणि मोठ्यांनी तोडायचे, असे झाले की तासाभराच्या आत त्याचे लक्ष उडणारच. म्हणून फोनवर ठेंगण्या खुंटावरची, म्हणजे झाड ठेंगणे ठेवणाऱ्या मुळांच्या रोपावर कलम केलेली, झाडे कोठे आहेत, हेही विचारून घ्या. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्रातून प्रसारित झालेल्या एम ९ सारख्या खुंटावर कलम केलेले झाड साधारण अडीच-तीन मीटरच वाढते, आणि त्याच्या खालच्या फांद्या चार वर्षांच्या मुलाच्या हाताला लागतात. अशा ओळीत शिडी लागत नाही, मुलाला फांदीवर चढावेसे वाटत नाही, आणि सासूबाईंनाही वाकावे किंवा हात उंचावावे लागत नाही. त्यांच्यासाठी एक घडीची खुर्ची घेऊन ती ओळीच्या टोकाशी, वाटेजवळ मांडा. मुलांनी आणलेले प्रत्येक फळ त्यांनी हातात घेऊन देठ आणि डाग पाहावा आणि ते कोणत्या खोक्यात जायचे ते ठरवावे, हे काम मी घरातल्या ज्येष्ठांकडे मुद्दाम सोपवायला सांगतो. त्याने तोडणीचा वेग मंदावतो, मुलांना आपल्या फळाचा निकाल ऐकायला पुन्हा पुन्हा आजीकडे यावेसे वाटते, आणि खोकी घरी नीट निवडलेलीच पोहोचतात. एकंदर तोडणी दीड तासापेक्षा लांबवू नका.

सुरक्षिततेच्या दोन-तीन गोष्टींवर मात्र मी तडजोड करीत नाही. खाली पडलेली फळे उचलू नयेत. त्यांना जनावरांच्या विष्ठेतले जंतू लागलेले असू शकतात आणि कुजलेल्या भागात पॅट्युलिन हे बुरशीचे विष तयार होते. बागेत विकला जाणारा ताजा रस पाश्चराइज केलेला आहे का, हे विचारल्याशिवाय मुलांना आणि सासूबाईंना देऊ नये. १९९६ साली अमेरिका आणि कॅनडामध्ये पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची साथ पसरली होती आणि तीत एका लहान मुलाचा मृत्यू झाला. बागेत शेळ्या-मेंढ्या असतील तर त्यांना हात लावल्यानंतर साबणाने आणि पाण्याने हात धुवावेत. नुसते सॅनिटायझर तिथे पुरत नाही. शरदात पडलेल्या फळांभोवती गांधीलमाश्या घोंगावतात, त्यामुळे गोड पेयाचा डबा उघडा ठेवू नये आणि फळ तोडण्यापूर्वी त्याच्या मागच्या बाजूला भोक पडलेले नाही ना, हे पाहावे, कारण पोखरलेल्या फळात माशी आत बसलेली असू शकते. कोणाला दंशाची तीव्र ॲलर्जी असेल तर त्याचे औषध गाडीत न ठेवता अंगाबरोबर ठेवावे. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट आणि घरी आल्यावर गोचिडांसाठी मुलांचे अंग तपासणे, एवढे पुरेसे आहे.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी दोन्ही खोकी पुन्हा एकदा पाहा. मार लागलेली, देठ निघालेली आणि भोक असलेली फळे वेगळी काढून, खराब भाग मोठा कापून टाकून, दोन दिवसांत शिजवून घ्या. बुरशी धरलेले किंवा कुजलेले फळ मात्र पूर्णच टाका. हंगामातल्या आधीच्या जाती पुढे ठेवा आणि त्या आधी संपवा, फुजीसारखी उशिरा येणारी मागे ठेवा. त्यानंतर दर आठवड्याला एकदा पिशवी उघडून मऊ पडू लागलेले फळ काढून घेत राहिलात, तर ऑक्टोबरमध्ये तोडलेली फुजी डिसेंबरमध्येही कुरकुरीत खाता येईल.